दुधावरची मालकीण

"बाई, हे बिस्किट नोहे, कवेलू होय. घरावर टाका, पावसाळ्यात कामी येईन."

असं म्हणून चाचा माझी नानखटाई ओट्याच्या कडेवर टकटक वाजवायचे, कानाशी नेऊन ऐकायचे आणि परत ताटात ठेवून द्यायचे. तोंडात टाकायचे नाहीत. चाळीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला बिस्किट खाऊन पाहावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारणारी मास्तरीण. माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवायची हिंमत माझ्या नवऱ्यातसुद्धा नव्हती. आणि हा गुडघ्याला ठिगळ लावलेला माणूस माझ्याच ओट्यावर बसून मला नापास करायचा.

त्यांचं नाव सांगत नाही. गल्लीत कुणी कधी नावानं हाक मारलीच नाही, सगळे चाचाच म्हणायचे. यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याकडे राहणाऱ्या जुन्या लोकांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. उंच, थोडे वाकलेले. भट्टीच्या आचेनं भुवया जळाल्या होत्या, त्या परत नीट उगवल्याच नाहीत. छातीशी दुपट्ट्यानं बांधलेली नात, पाठीवर पोत्यात पत्र्याचे ट्रे आणि हातात वाळूची पिशवी. हे ध्यान दुपारी तीनला गल्लीच्या तोंडाशी दिसलं की बाया म्हणायच्या, आली बाप्पा वरात.

वाळूचं सांगायला हवं. पूर्वी आमच्याकडे दिवाळीच्या आधी लोक मैदा, साखर, डालडा डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचे आणि नानखटाई करून आणायचे. सामान तुमचं, हात भट्टीवाल्याचे. कापूस विकला गेला की भट्टीपुढे डब्यांची रांग लागायची. मग कापसाचे ते वाईट दिवस आले. बाजारात पैसा फिरेना, भट्टीवर डबे येईनात, आणि चाचा कामाला होते ती भट्टी बंद पडली. तेव्हा त्यांनी भट्टीच घरोघर न्यायला सुरुवात केली. तुमचाच जाड बुडाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, परसातल्या चुलीवर चढवायचा. त्यात बोटभर वाळू, वाळूवर तारेची रिंग, रिंगवर ट्रे, वर झाकण आणि झाकणावर निखारे. वीज तशीही अर्धा दिवस नसायची. ज्यांच्याकडे विजेचा गोल ओव्हन होता त्यांनीही तो माळ्यावर टाकला होता.

मजुरी म्हणून ते पैसे घेत नसत. "एक गिलास दूध द्या मालकिनीले," म्हणायचे. मालकीण म्हणजे छातीवरची ती नात.

मालकिणीचा थाट पाहण्यासारखा होता. "मालकीन मुतली, पाच मिनिटं काम बंद." "मालकिनीले तुमचा रेडिओ आवडला नाही." "हळू बोला जी, मालकीन हिशेब करून राह्यली." हिशेब म्हणजे ती स्वतःच्या पायाची बोटं मोजल्यासारखी एकेक ओढत असायची. आठ-नऊ महिन्यांची असेल तेव्हा. आई बाळंतपणात गेली होती. चाचांची बायको त्याच्याही आधी. घरात दोघंच, एक तोंडाचं बोळकं झालेला आणि एक दात यायची.

आमच्या गल्लीत काही घरांत चाचांनी भाजलेलं चालायचं, मळलेलं चालायचं नाही. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना याचं आश्चर्य वाटलं नाही ते आमच्यासारख्याच घरातले असणार. आमच्याकडे सासूबाईंचा नियम होता. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती, नियम मात्र ठणठणीत होता. चाचांना हे न सांगता कळत होतं. ते हात पाठीमागे धरून उभे राहायचे आणि मला मळायला लावायचे. "तूप फेसा बाई. आनखीन फेसा. वाटीभर पान्यात थेंब टाकला का तरंगला पाह्यजे. तुमचा तं इहिरीत पडल्यावानी बुडून राह्यला." मला तेवढा धीर नव्हता. पाच मिनिटांत हात दुखायचा, मी मैदा ओतून मोकळी व्हायची, आणि मग व्हायचं ते कवेलू.

एका साहेबाच्या बायकोनं कौतुकानं विचारलं, "चाचा, कशी झाली माझी?" चाचांनी वाजवून पाहिली आणि म्हणाले, "कुत्रं खाईन. भूक असन तं." त्या घरचं दूध त्या दिवशी बंद झालं. मी त्यांना समजावलं, दोन शब्द गोड बोलायला काय जातं? ते म्हणाले, "जमत नाही बाई. खोटं बोललो का तोंडावर दिसते. भुवया नाहीत ना, लपवाले जागाच नाही."

काम नसेल तेव्हा ते नातीला फिरायला न्यायचे. सकाळी एक फेरी, उन्हं उतरली की दुसरी. ऑटोस्टँड, टपाल कचेरी, बकऱ्यांचा वाडा आणि शेवटी कापसाच्या खरेदीचं आवार. घरी केलेली बिस्किटं तिथं ते गाडीवाल्यांना देत आणि बदल्यात तुरीची डाळ, ज्वारी, जे मिळेल ते घेत. त्या वर्षी गाड्यांची रांग रस्त्यावर आली होती. माणसं आठ-आठ दिवस कापसाच्या गाडीखाली झोपत होती, तिथंच चूल मांडत होती. इतक्या दिवसांत घरचं पोर दिसलं नाही म्हणून कुणीही मालकिणीला घ्यायला हात पुढं करायचा. चाचा आधी त्यांना हात धुवायला पाठवायचे आणि मग पाच-पाच मिनिटं सगळ्यांकडे फिरवायचे. ती बैलाची शिंगं धरायची आणि माणसं हसायची. त्या रांगेत दुसरं हसण्यासारखं काही नव्हतं.

एकदा मी बँकेतून येताना त्यांच्यासोबत होते. एका म्हाताऱ्या गाडीवाल्यानं भाकरीचा कुटका वरणात बुडवला, फुंकर घातली आणि पोरीच्या ओठांशी नेला. पोरगी तोंड उघडून पुढं झुकली. चाचांनी त्या माणसाच्या हातावर फाडकन मारलं. कुटका बैलाच्या पायाशी धुळीत पडला.

"काय झालं जी?" म्हातारा म्हणाला. "भाकरच तं होती."

"तिले काही चाराचं नाही! कोनीच चाराचं नाही!" चाचा ओरडले आणि पोरीला त्याच्याजवळून हिसकून घेतलं. पोरगी धुळीतल्या कुटक्याकडे पाहून हात पसरून रडत होती. म्हातारा हात चोळत तसाच बसला होता.

वाटेत मी त्यांना फैलावर घेतलं. तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं. मुलगी पुसदकडच्या एका खेड्यात दिलेली. ती गेली तेव्हा सासरी कापूस बुडालेला, गाय विकलेली, जावई कामासाठी सुरतेकडे गेलेला. पाच दिवसांचं पोर दुधावर वाढवायला त्या घरी कुणी नव्हतं. समधीण, म्हणजे मुलीची सासू, पाच माणसांत म्हणाली, दूध पिते तोवर तुम्ही ठेवा, अन्नाला लागली की आमची. चाचांनी हो म्हटलं होतं.

"आता ते दर दोन मह्यन्यानं येते अन् इचारते, खाते का? मी म्हनतो, नाही. खोटं थोडंच हाय? मी खाऊच देत नाही." आणि हसले. त्यांना वाटत होतं, आपण शब्दही पाळतो आहोत आणि नातही राखतो आहोत.

मलाही तेव्हा ती मोठी हुशारी वाटली. घरी येऊन मी ती नवऱ्याला रंगवून सांगितली. आठवडाभरात सगळ्या गल्लीला माहीत झालं की मालकिणीला काही चारायचं नाही.

पोरगी वर्षाची झाली, सव्वा वर्षाची झाली. चार दात आले आणि त्यांना चावायला काही नव्हतं. ती दुपट्ट्याचं टोक चावायची, माझ्या बांगड्या चावायची. केस तांबूस झाले, मांड्यांची कातडी सैल पडली. अंगणवाडीच्या बाईंनी तिला काट्यावर टांगलं आणि भर रस्त्यात चाचांना सुनावलं, "चाचा, पोट्टी वाळून राह्यली. वरनभात द्या हिले."

"दुधात ताकद असते. वासरू दुधावरच वाढते."

"वासरू चार मह्यन्यात चारा खाते जी!"

चाचांनी पोरीला काट्यावरून उतरवून दुपट्ट्यात बांधलं. दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीचा रस्ता सोडला आणि फेरी मागच्या बोळातून सुरू केली. लोक म्हणतात, माया आंधळी असते. मी जी पाहिली ती चांगली डोळस होती. पोरीच्या बरगड्या त्यांना माझ्याआधी दिसल्या होत्या, कारण तिला आंघोळ तेच घालायचे.

आता माझं. चाचा परसात निखारे सारखे करायला जायचे तेव्हा मालकीण स्वयंपाकघरात माझ्या मांडीवर असायची. एक दिवस तिनं ताटाकडे हात केला. मी नानखटाईचा तुकडा दुधात बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं डोळे मिटले, गिळला आणि परत तोंड उघडलं.

मी हे दयेनं केलं असं मला सांगता आलं असतं. पोरगी भुकेली होती हे खरंच होतं, आणि अंगणवाडीच्या बाई माझ्या बाजूनं बोलल्याही असत्या. पण खरं कारण वेगळं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच माझी नानखटाई त्या घरातलं कुणीतरी मागून खात होतं. बस, एवढंच. ती खात असताना मी मनात परसाकडे तोंड करून म्हणत होते, बघा, म्हणे कवेलू!

मग मला सवयच लागली. आठवड्यातून एकदा येणाऱ्या चाचांना मी दोनदा, तीनदा बोलवायला लागले. नवरा म्हणाला, "इतकी नानखटाई खाते कोन आपल्याकडं?" मी दुधात कुस्करलेला एकेक तुकडा भरवायची, मग अख्खी हातात द्यायला लागले, मग वरणभातही. परसात झाकणाचा आवाज झाला की पदरानं तिचं तोंड पुसायची. अट मला माहीत होती. हे मी पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्या बाजूनं कुणाला काही सुचायला नको.

दोन महिन्यांत पोरगी भरली. गालांवर रंग आला, ती भिंत धरून चालायला लागली. चाचा कुणालाही थांबवून दाखवायचे. मला म्हणाले, "बाई, तुमच्या दुधात बरकत हाय. दुसऱ्याचं पाजून पाह्यलं, हा रंग आला नव्हता." भुवया नसलेला तो चेहरा इतका उघडा आनंदी होता की मी उठून चहा ठेवायला गेले.

समधीण आली ती अशीच दुपारी. चाचांच्या घराला कुलूप दिसलं म्हणून कुणीतरी तिला आमच्याकडे पाठवलं. सुकलेली, किरकोळ बाई, कापूस वेचून बोटांना चिरा पडलेल्या. दाराशीच बसली आणि पोरीला मांडीवर घेतलं. चाचांचा जावई परत आला होता, त्यानं दुसरं लग्न केलं होतं, घरात खाणारी तोंडं होती पण आता पोराला पाहायला माणूसही होतं. हे ती शांतपणे सांगत होती. मग नेहमीचं विचारलं, "खाती है क्या?"

"नहीं," चाचा म्हणाले. "दूध पे ही है अभी." अगदी स्वच्छ तोंडानं म्हणाले.

पहिला ट्रे नुकताच उतरला होता. समधिणीनं सहज एक नानखटाई उचलली, फुंकून गार केली आणि पोरीसमोर धरली. खेळायला म्हणून धरली असेल. मालकिणीनं ती दोन्ही हातांनी घेतली, कडेचा तुकडा दातांनी तोडला, सराईत माणसासारखी चघळून गिळला, आणि उरलेली संपवून ताटाकडे बोट केलं.



"ये तो खाती है, समधी," ती म्हणाली.

चाचा पोरीकडे पाहत राहिले. त्यांना वाटलं असावं, आत्ता ती ठसकेल, थुंकेल, काहीतरी होईल. ती दुसरी मागत होती.

"झूठ काय को बोले? मैं क्या खा जाती तुम को?" समधिणीच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. तीच जास्त लागली असेल.  चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मी सांडशीनं ट्रे धरून उभी होते. "दुसरा ट्रे लावते," म्हणाले आणि परसात गेले.

पाच माणसांत दिलेला शब्द होता. चाचांनी एका शब्दानं वाद घातला नाही. घरी जाऊन दुपटी, बाटली, टोपडं पिशवीत भरलं आणि पाचच्या पुसद गाडीवर तिला पोचवून आले. मी स्टँडवर गेले नाही. घाणा अर्धा राहिला होता.

आठेक दिवसांनी ते आले तेव्हा हातात ट्रे नव्हते. ओट्यावर बसले. 

"मले समजलं बाई, कसं झालं ते. माहे हात. चाळीस वर्स मैद्यात गेले, याईचा वास निंगत नाही. बाटली धरली का पोट्टी बोटं चोखे. तूप-साखर लागलेली राहे नखात. तिथंच चव लागली तिले. मी लोकाईचे हात झटकले अन् सोताचेच धुतले नाहीत."

गॅसवर चहा उकळत होता. मी म्हणाले, "चहा घ्या चाचा." त्यांनी घेतला.

त्यानंतर त्यांनी पिठात हात घातला नाही. लोकांनी बोलावलं, दिवाळीला आग्रह केला, पण नाही. ट्रे भंगारात गेले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या शेडवर चौकीदारी धरली. गेटाआत धूळ आणि गंजकी यंत्रं, त्यांना राखण लागत होती की नाही कोण जाणे. एकदा पुसदकडे जाऊन आले, तेही त्यांनी मला सांगितलं. पोरगी अंगणात बसून भाकर खात होती. त्यांना पाहिलं आणि सावत्र आईच्या लुगड्यामागे लपली. "वळखलं नाही," म्हणाले. "जाड झाली पन. चांगली झाली." खोटं त्यांना बोलता येत नव्हतंच, म्हणजे ती चांगलीच झाली असणार.

एका दुपारी मी शाळेतून येताना डबा घेऊन शेडवर गेले. ते बारीक झाले होते, खोकत होते. डबा घेतला, उघडला नाही.

"बाई, एक इचारू? राग नका मानू. तुम्ही तं कधी चारलं नाही ना तिले? चारलं असन तं सांगा. मी काही म्हननार नाही."

त्या आवाजात आशा होती. हे मला नंतर उमगलं असं लिहिणार होते, पण तसं नाही, तेव्हाच उमगलं होतं. मी हो म्हटलं असतं तर ते त्या गेटाशी, त्या क्षणी मोकळे झाले असते. मला फार तर एक शिवी बसली असती. आणि गल्लीत नाव खराब झालं असतं.

"नाही हो चाचा," मी म्हणाले. "मी कायले चारीन? मले तं माहीत होतं ना सारं."

"तेच म्हनतो मी. तुम्ही मास्तरीन. तुम्ही कायले खोटं बोलसान?" आणि डबा काखेत मारून आत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. गल्लीतली माणसं मयतीला गेली, मी चाचांच्या घरी बायांमध्ये जाऊन बसले. समधीण आली होती, एकटीच. पोरीला आणलं नव्हतं, उन्हाचं कशाला, म्हणाली. त्या रिकाम्या खोलीत तिला माझ्याशिवाय कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून माझ्याशेजारी सरकून बसली. बऱ्याच वेळानं माझ्याकडे वळून म्हणाली, "आदमी अच्छा था, बाई. सारी उमर में बस एक बार झूठ बोला."

मी मान हलवली आणि तिला प्यायला पाणी आणून दिलं.